बिनवायरीचा मिडी: कीबोर्ड टॅबलेटला जोडताना काय होतं आणि कुठे अडतं

मिडी म्हणजे वाद्यांनी आणि संगणकांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली भाषा. ब्लूटूथ मिडीतून आवाज जात नाही. एवढं नीट समजलं की या विषयातला निम्मा गुंता सुटतो. कीबोर्डची पट्टी दाबली की मिडीतून फक्त निरोप जातो: अमुक चॅनेलवर अमुक स्वर सुरू, दाब इतका. पट्टी सोडली की दुसरा निरोप: तो स्वर बंद. निरोप वाचून प्रत्यक्ष आवाज काढायचं काम पलीकडच्या टॅबलेटचं, लॅपटॉपचं किंवा दुसऱ्या वाद्याचं. कुणी फोनवरून नुसती स्वरांची नावं सांगावीत आणि ऐकणाऱ्याने ती आपल्या पेटीवर वाजवावीत, तसं हे आहे. सूर किती गोड लागेल, हे ऐकणाऱ्याच्या पेटीवर ठरतं.

निरोपात फक्त आकडे असतात. मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे स्वर क्रमांक ६०, तिच्या शेजारची काळी एक ६१, पांढरी दोन ६२. दाब १ ते १२७ यांत मोजला जातो. स्वर लांबवणाऱ्या सस्टेन पेडलचा क्रमांक ६४. चॅनेल म्हणजे निरोपांचे वेगळे कप्पे, ते एकूण १६. तुमचा सा काळी चारवर आहे की पांढरी दोनवर, हे मिडीला माहीत नसतं. त्याला फक्त दाबलेली पट्टी कळते. हे पुढे ट्रान्सपोजच्या, म्हणजे सूर वर-खाली सरकवण्याच्या, गोंधळात उपयोगी पडेल.

केबल काढून टाकण्याचा फायदा फक्त पसारा कमी होण्यापुरता नाही. टॅबलेटला बहुधा एकच पोर्ट असतं. ते कीबोर्डच्या केबलने अडवलं की चार्जर आणि ऑडिओ इंटरफेस (आवाज आत-बाहेर नेणारी डबी) लावायला जागा उरत नाही. मग हब आणा, त्याला वेगळी वीज द्या, हे सुरू होतं. मिडी हवेतून गेला की ते पोर्ट मोकळं होतं. दुसरा फायदा कमी लोकांच्या लक्षात येतो. टॅबलेट चार्जरवर आहे, यूएसबीने कीबोर्डला जोडलाय आणि त्याचा आवाज कीबोर्डच्या ऑक्स इनमध्ये (बाहेरचा आवाज आत घेणाऱ्या छिद्रात) दिलाय, अशा मांडणीत अनेकदा गुंईं असा हम येतो. तिन्ही उपकरणांची ग्राउंड दोन वाटांनी जोडली जाते, म्हणून तो येतो. यूएसबी केबल काढली की त्यातली एक वाट तुटते आणि बऱ्याचदा हम तिथेच थांबतो.

उशीर किती होतो?

केबलमधूनही निरोप पोचायला वेळ लागतोच. मिडी १९८३ साली आला. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियल कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एकमेकांना जोडून दाखवले गेले. तेव्हा ठरलेला वेग पाच पिनांच्या केबलवर आजही तोच आहे: सेकंदाला ३१,२५० बिट. एका बाइटला पुढचा-मागचा बिट धरून १० बिट लागतात, म्हणजे ३२० मायक्रोसेकंद. एक स्वर सुरू करायला ३ बाइट, म्हणजे जवळपास १ मिलिसेकंद. दहा बोटांनी एकदम कॉर्ड दाबली तर शेवटचा स्वर पहिल्यापेक्षा ८-९ मिलिसेकंद मागे असतो. काही कीबोर्ड प्रत्येक स्वराचा पहिला बाइट पुन्हा पाठवत नाहीत, त्यामुळे हा वेळ थोडा कमी होतो.

ब्लूटूथचा हिशोब वेगळा आहे. आपण वापरतो ते ब्लूटूथ लो एनर्जी, कमी वीज खाणारं. ॲपलने २०१४ मध्ये आयफोन-आयपॅड आणि मॅकमध्ये त्यावरून मिडी सुरू केला आणि २०१५ मध्ये तो सर्व कंपन्यांसाठी प्रमाण म्हणून स्वीकारला गेला. म्हणूनच एका कंपनीचा अडॅप्टर, म्हणजे कीबोर्डला ब्लूटूथ मिडी देणारी छोटी जोडणी, दुसऱ्या कंपनीच्या टॅबलेटशी बोलतो.

लो एनर्जी रेडिओ सतत चालू नसतो. ठरलेल्या अंतराने जागा होतो, साचलेलं पाठवतो, पुन्हा झोपतो. हे अंतर कमीत कमी ७.५ मिलिसेकंद असू शकतं आणि मिडीसाठी ते १५ मिलिसेकंद किंवा त्याहून कमी मागायचं, असा नियम आहे. दर पंधरा मिनिटांनी लोकल सुटते असं समजा. गाडी सुटता सुटता फलाटावर पोचलात तर लगेच निघालात. ती हुकली तर पुढच्या गाडीची वाट बघायची. स्वरांचंही तसंच होतं. एक स्वर लगेच जातो, पुढचा १२ मिलिसेकंद थांबतो. हाताला खटकतं ते या कमी-जास्तपणामुळे. एकसारखा उशीर असेल तर बोटं सवय करून घेतात, पण अनियमित उशिराशी बोटांना जुळवून घेता येत नाही. यावर उपाय म्हणून प्रत्येक निरोपावर मिलिसेकंदाचा वेळ-शिक्का मारला जातो. त्यावरून पलीकडचं यंत्र स्वरांमधलं मूळ अंतर पुन्हा जुळवू शकतं, मात्र त्यासाठी सगळेच स्वर थोडे थांबवून ठेवावे लागतात.

पुढचा उशीर ॲपमध्ये होतो. ॲप आवाज तुकड्यांनी तयार करतं. त्या तुकड्याला बफर म्हणतात. आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने असतील तर १२८ चा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद, २५६ चा म्हणजे ५.३, १०२४ चा म्हणजे २१. त्यात आवाज बाहेर काढणाऱ्या चिपचे थोडे मिलिसेकंद मिळवा. चांगल्या मांडणीत पट्टीपासून स्पीकरपर्यंतचा एकूण वेळ साधारण १५ ते २५ मिलिसेकंदांत बसतो.

हे जास्त की कमी? हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे १० मिलिसेकंदांत ३.४ मीटर. रंगमंचावर तीन-साडेतीन मीटरवर बसलेल्या तबलजीचा ठेका तुमच्या कानावर तेवढाच उशिरा येतो, आणि त्यावर तुम्ही निवांत वाजवता. तेव्हा २० मिलिसेकंद म्हणजे तबला सात मीटरवर गेल्यासारखं. स्ट्रिंग्स, पॅड, ऑर्गन, संथ लयीतला पियानो यांना काही फरक पडत नाही. द्रुत लयीतले तुकडे, कीबोर्डवर बोटांनी वाजवलेले ढोलकीचे किंवा ड्रमचे आवाज, यांत मात्र जाणवतं. त्या कामाला केबलच लावा.

सगळ्यात मोठी चूक मात्र याच्याही पुढे होते: टॅबलेटचा आवाज ब्लूटूथ हेडफोनवर किंवा ब्लूटूथ स्पीकरवर ऐकणं. ब्लूटूथ ऑडिओत आवाज दाबून भरायचा, पाठवायचा, साठवायचा आणि पुन्हा उलगडायचा असतो. त्यात सहज १०० ते २०० मिलिसेकंद जातात, कधी त्याहून जास्त. पट्टी दाबल्यावर आवाज वाट बघून येतो आणि दोष मिडीला लागतो. मिडी बिनवायरीचा चालेल, आवाज मात्र वायरनेच ऐका: वायरचे हेडफोन, ऑडिओ इंटरफेस, किंवा टॅबलेटमधून कीबोर्डच्या ऑक्स इनला गेलेली साडेतीन मिलिमीटरची केबल.

आधी कीबोर्डची पाठ बघा

काय विकत घ्यायचं ते कीबोर्डच्या मागे कोणती छिद्रं आहेत यावर ठरतं.

कीबोर्डमध्येच ब्लूटूथ असेल, तर ते मिडीचं आहे की फक्त ऑडिओचं, हे माहितीपुस्तकात तपासा. फक्त ऑडिओ असेल तर फोनमधली गाणी कीबोर्डच्या स्पीकरवर वाजतील, पण पट्ट्यांचे निरोप फोनला जाणार नाहीत. रोलँडच्या काही डिजिटल पियानोंची ब्लूटूथच्या यादीत दोन नावं दिसतात, एकापुढे ऑडिओ आणि दुसऱ्यापुढे मिडी असं लिहिलेलं. दोन्ही वेगळी जोडावी लागतात आणि वेगळ्या ठिकाणांहून.

पाच पिनांची गोल छिद्रं असतील तर यामाहाचा एमडी-बीटी०१ किंवा सीएमईचा वायडी मास्टर यांसारखा अडॅप्टर लागतो. याला बॅटरी नसते. मिडी आउटच्या ४ क्रमांकाच्या पिनेवर कीबोर्ड व्होल्टेज देतो, त्यावरच हा चालतो. म्हणून मुख्य प्लग मिडी आउटमध्येच जायला हवा. मिडी इनमध्ये वीज नसते, तिथे लावला तर दिवा लागणार नाही. दुसरा छोटा प्लग मिडी इनमध्ये जातो. टॅबलेटकडून कीबोर्डला काही पाठवायचं असेल तरच तो लागतो. प्लग बरोबर जागी असूनही दिवा मिणमिणत असेल, तर कीबोर्डच्या त्या पिनेवर पुरेसा प्रवाह येत नाही असं समजा. काही जुन्या आणि काही बॅटरीवर चालणाऱ्या कीबोर्डांत असं होतं. तेव्हा वेगळी वीज घेणारा अडॅप्टर बघावा लागतो.

आजकालच्या बऱ्याच घरगुती कीबोर्डांना पाच पिनांचं छिद्र नसतंच, फक्त यूएसबी असतं. तिथे दोन छिद्रांत गल्लत होते. चौकोनी, वरचे कोपरे कापल्यासारखं दिसणारं ते ‘टू होस्ट’. मिडी तिथूनच येतो. पेनड्राइव्ह लावायचं चपटं ते ‘टू डिव्हाइस’. यूएसबीत एक बाजू मालक असते आणि दुसरी पाहुणी. कीबोर्डचं चौकोनी छिद्र पाहुणं असतं, त्यामुळे अडॅप्टरला मालक व्हावं लागतं आणि मालकाला स्वतःची वीज लागते. यामाहाचा यूडी-बीटी०१ आणि सीएमईचा वायडी यूहोस्ट हे या कामाचे; दोघांनाही मोबाइलचा चार्जर किंवा पॉवर बँक जोडायची तयारी ठेवा. एक सूचना पॉवर बँकेबद्दल: अडॅप्टर इतकी कमी वीज घेतो की काही पॉवर बँकांना काहीच लावलेलं नाही असं वाटतं आणि त्या थोड्या वेळाने बंद होतात. बिघाड शोधत बसण्याआधी हे तपासा.

यूएसबीवाल्या कीबोर्डात आणखी एक मेख असते. अडॅप्टरला फक्त सर्वसाधारण, ड्रायव्हर न लागणारा यूएसबी मिडी समजतो. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी ड्रायव्हर’ असा पर्याय असेल, रोलँडच्या वाद्यांत तो अनेकदा असतो, तर तो ‘जेनेरिक’वर ठेवा, वाद्य बंद करून पुन्हा सुरू करा. ज्या कीबोर्डांच्या यूएसबीमधून मिडीबरोबर ऑडिओही जातो, त्यांचा ऑडिओ या अडॅप्टरमधून पुढे जात नाही.

कॅसिओचा डब्ल्यूयू-बीटी१० याला अपवाद आहे. तो पेनड्राइव्हसारख्या चपट्या छिद्रात बसतो, पण सीटी-एस५००, पीएक्स-एस११०० अशा त्यासाठीच बनवलेल्या मॉडेलांत. बाजारात मिळणारा संगणकाचा साधा ब्लूटूथ डोंगल कीबोर्डच्या त्या छिद्रात लावून काही होत नाही. त्याला चालवणारं सॉफ्टवेअर कीबोर्डमध्ये नसतं. आणि ज्या कीबोर्डला फक्त हेडफोनचं छिद्र आहे, त्यातून मिडी कोणत्याच अडॅप्टरने निघत नाही.

जोडायची जागा

आयफोन, आयपॅड: इथे बहुतेकांचा घात होतो. सेटिंग्जमधल्या ब्लूटूथच्या यादीतून मिडी जोडू नका. तिथे ब्लूटूथ फक्त चालू ठेवायचं. जोडणी ॲपच्या आतून होते. गॅरेजबँड या ॲपलच्या संगीत ॲपमध्ये एखादं वाद्य उघडा, सेटिंग्जमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ आणि त्यात ‘ब्लूटूथ मिडी डिव्हायसेस’ निवडा, थोड्या वेळात अडॅप्टरचं नाव दिसेल, त्यावर टिचकी द्या. पुढे ‘कनेक्टेड’ आलं की पट्टी दाबून बघा. तुमच्या आवडत्या ॲपमध्ये असा पर्याय नसेल तरी काळजी नाही: गॅरेजबँडमधून जोडा, मग ते ॲप उघडा. जोडणी ॲपची नसून सिस्टीमची असते, त्यामुळे मिडी वापरणाऱ्या इतर ॲपनाही ती दिसते.

चुकून सेटिंग्जमधून जोडून झालं असेल तर तिथे ‘फरगेट धिस डिव्हाइस’ करा, अडॅप्टर बंद-चालू करा आणि मग ॲपमधून जा.

मॅक: ‘ऑडिओ मिडी सेटअप’ उघडा, विंडो मेनूतून ‘मिडी स्टुडिओ’ दाखवा, वरच्या ब्लूटूथच्या चिन्हावर क्लिक करा, यादीत नाव आलं की ‘कनेक्ट’. इथेही सिस्टीमच्या ब्लूटूथ यादीत जायची गरज नाही.

अँड्रॉइड: मिडीची सोय आवृत्ती ६ पासून आहे, पण अनुभव फोनगणिक बदलतो. काही वाद्य-ॲप स्वतः शोधतात. बाकीच्यांसाठी ‘मिडी बीएलई कनेक्ट’ नावाचं छोटं ॲप आधी उघडून त्यातून जोडायचं, ते पाठीमागे चालू ठेवायचं आणि मग वाद्याचं ॲप उघडायचं. यादी रिकामीच राहिली तर परवानगी बघा. आवृत्ती १२ पासून ‘नियरबाय डिव्हायसेस’ची परवानगी लागते. त्याआधीच्या फोनांत लोकेशनची परवानगी द्यावी लागते आणि लोकेशन चालूही ठेवावं लागतं. कीबोर्डला तुमचा पत्ता कशाला हवा, असं वाटणं साहजिक आहे. ब्लूटूथच्या खुणांवरून माणूस कुठे आहे ते ओळखता येतं, म्हणून अँड्रॉइडने शोधण्याची परवानगी लोकेशनला बांधली होती. दुसरं, बॅटरी वाचवण्यासाठी फोन मागचं ॲप बंद करतो आणि दहा मिनिटांनी जोडणी तुटते. त्या ॲपला बॅटरीच्या निर्बंधातून सूट द्या.

विंडोज: इथे नियम उलटा. सेटिंग्जमधूनच ‘ॲड डिव्हाइस’ करून अडॅप्टर पेअर करायचा. पेअर झालं तरी तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव दिसेलच असं नाही, कारण ब्लूटूथ मिडी विंडोज १० मध्ये नव्या पद्धतीच्या मिडीबरोबर आला आणि कित्येक सॉफ्टवेअर अजून जुनी पद्धत वापरतात. केकवॉक आणि क्यूबेस ही रेकॉर्डिंगची सॉफ्टवेअर. केकवॉकमध्ये मिडीचा ड्रायव्हर मोड ‘यूडब्ल्यूपी’ करा. क्यूबेसमध्ये मिडी पोर्ट सेटअपमध्ये ‘विनआरटी मिडी’वर खूण करा. असा पर्याय नसेल तर दोन छोटी सॉफ्टवेअर लागतात: ‘लूपमिडी’ एक आभासी पोर्ट तयार करतं, ‘मिडीबेरी’ ब्लूटूथवर आलेलं त्या पोर्टात ओततं आणि तुमचं सॉफ्टवेअर तिथून उचलतं. हे चालतं, पण रोज संगणक सुरू केल्यावर तीन गोष्टी ठराविक क्रमाने उघडाव्या लागतात. विंडोजवर नेमाने काम करणाऱ्याने सीएमईच्या वायडी बड प्रो सारखा यूएसबी डोंगल घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. तो ब्लूटूथचं सगळं स्वतःमध्ये करतो आणि विंडोजला साधा यूएसबी मिडी म्हणून दिसतो, त्यामुळे जुन्यात जुनं सॉफ्टवेअरही त्याला ओळखतं.

यादीत नावच येत नाही, तेव्हा

बहुतेक वेळा अडॅप्टर आधीच कुणाला तरी जोडलेला असतो. हे अडॅप्टर सहसा एका वेळी एकाच फोनशी बोलतात, आणि जोडलेले असताना इतरांना दिसत नाहीत. क्लासमध्ये किंवा घरात दोन-तीन फोनांवर तोच कीबोर्ड वापरला जात असेल तर शेजारच्या खोलीतल्या फोनने तो धरलेला असतो. त्या फोनचं ब्लूटूथ बंद करा, नाव लगेच दिसेल.

नाव दिसतं, ‘कनेक्टेड’ही आहे, पण आवाज नाही: आधी निरोप येतोय का ते वेगळं तपासा. आयपॅडवर ‘मिडी रेंच’, मॅकवर ‘मिडी मॉनिटर’, विंडोजवर ‘मिडी-ऑक्स’ हे निरोप अक्षरांत दाखवतात. पट्टी दाबल्यावर ओळ उमटली तर ब्लूटूथ आपलं काम करतंय; चूक ॲपच्या इनपुट निवडीत, चॅनेलमध्ये किंवा आवाजाच्या मार्गात आहे. ओळच उमटत नसेल तर अडॅप्टर आणि कीबोर्डकडे वळा. हा एक निकाल लागल्याशिवाय दोन्हीकडची बटणं दाबत सुटलं की चालू असलेलंही बिघडतं.

जोडलं, पण विचित्र वाजतंय

प्रत्येक स्वर दोनदा ऐकू येतो. कीबोर्ड स्वतःचा आवाज काढतोय आणि ॲपही. कीबोर्डमध्ये ‘लोकल कंट्रोल’ नावाची सेटिंग असते, ती ‘ऑफ’ करा. मग पट्ट्या फक्त निरोप पाठवतात, कीबोर्डचा आवाजाचा भाग गप्प राहतो आणि त्याचे स्पीकर ऑक्स इनमधून येणाऱ्या टॅबलेटच्या आवाजासाठी मोकळे होतात. नुसता व्हॉल्यूम शून्य केला तर अनेक कीबोर्डांत ऑक्स इनचा आवाजही त्याबरोबर जातो. वाजवून झाल्यावर लोकल पुन्हा ‘ऑन’ करायला विसरू नका. दुसऱ्या दिवशी कीबोर्ड मुका झालाय असं वाटून माणसं दुरुस्तीला नेतात.

दोनदा वाजण्याचं दुसरं कारण म्हणजे फेरा. कीबोर्डने पाठवलेलं ॲप तसंच परत कीबोर्डकडे पाठवतं. ॲपमधलं ‘मिडी थ्रू’ बंद करा, किंवा पाच पिनांचा अडॅप्टर असेल तर मिडी इनमधला छोटा प्लग काढून टाका.

रिदमवाल्या कीबोर्डांत खास त्रास असतो. स्टाइल, म्हणजे आपोआप वाजणारी साथ, सुरू केली की ड्रम, बेस, कॉर्ड असे सगळे भाग वेगवेगळ्या चॅनेलांवर मिडीतून बाहेर पडू शकतात. ॲप ‘ऑम्नी’वर, म्हणजे सगळे चॅनेल ऐकण्यावर असेल, तर पियानोच्या आवाजात ढोल-ताशाचे निरोपही वाजायला लागतात. ॲपला फक्त चॅनेल १ ऐकायला सांगा आणि कीबोर्डमध्ये स्टाइल आउट किंवा अकॉम्पॅनिमेंट आउट असा पर्याय असेल तर तो बंद करा. असंच एक प्रकरण टोन बदलण्याचं. कीबोर्डवर टोन क्रमांक बदलला की ‘प्रोग्राम चेंज’चा निरोप जातो आणि ॲपमधला निवडलेला आवाजही बदलतो. ॲपमध्ये प्रोग्राम चेंज घेणं बंद करता येतं.

आता ट्रान्सपोज. गायकाने काळी चार सांगितली की हात आपोआप कीबोर्डच्या ट्रान्सपोजकडे जातो. अनेक कीबोर्डांत ट्रान्सपोज केल्यावर मिडीतून जाणारा स्वर क्रमांकही सरकतो. ॲपमध्येही ट्रान्सपोज केलेलं असेल तर दोन्हींची बेरीज होते आणि गाणं भलत्याच पट्टीत सुरू होतं. एकच जागा ठरवा. कीबोर्डवर करत असाल तर ॲपचं शून्यावर कायम ठेवा. आपल्या कीबोर्डचा ट्रान्सपोज मिडीला लागू होतो का, हे निरोप दाखवणाऱ्या ॲपने मिनिटभरात कळतं: मधली पांढरी एक दाबा, ६० येतोय का बघा, ट्रान्सपोज एकने वाढवा, ६१ आला तर लागू होतो.

स्वर अडकून राहतो. ब्लूटूथ हरवलेला निरोप स्वतःहून पुन्हा पाठवतं, म्हणून जोडणी टिकून असेपर्यंत स्वर सहसा हरवत नाही, उशिरा येतो. पण ‘स्वर सुरू’ गेल्यावर आणि ‘स्वर बंद’ जाण्याआधी जोडणीच तुटली तर पलीकडचं यंत्र तो स्वर धरून बसतं. पेडल दाबलेलं असताना तुटली तर सगळंच वाजत राहतं. बहुतेक ॲपमध्ये ‘पॅनिक’ बटण असतं. ते ‘सगळे स्वर बंद’ हा १२३ क्रमांकाचा आणि ‘सगळा आवाज बंद’ हा १२० क्रमांकाचा निरोप पाठवतं. ते बटण कुठे आहे, हे आधीच पाहून ठेवा.

वाजवता वाजवता मध्येच अडखळतं. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, आणि घरातलं जुनं वायफाय, मायक्रोवेव्ह, वायरलेस माऊसही तिथेच. राउटर ५ गिगाहर्ट्झवर न्या. लॅपटॉपला यूएसबी ३ ची हार्ड डिस्क किंवा हब लावलेला असेल तर तो अडॅप्टरपासून किंवा डोंगलपासून दूर करा; यूएसबी ३ चा गोंगाट नेमका याच पट्ट्यात पडतो, आणि वीस-तीस सेंटिमीटरच्या साध्या यूएसबी एक्स्टेन्शनने डोंगल बाजूला नेला तरी फरक दिसतो. कीबोर्डचा धातूचा स्टँड किंवा वाजवणाऱ्याचं शरीर मध्ये येणार नाही असा टॅबलेट ठेवा.

आणखी एक काम ब्लूटूथवरून करू नका: कीबोर्डचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट किंवा सगळ्या सेटिंगचा मोठा बॅकअप. मध्येच तुटलं तर वाद्य अर्धवट अवस्थेत अडकू शकतं. त्यासाठी यूएसबी केबल.

दोन कीबोर्ड एकमेकांना, आणि वायफायची वाट

वरच्या कीबोर्डच्या पट्ट्या आणि खालच्याचे आवाज, अशी जोडणी मध्ये फोन न ठेवताही होते. त्यासाठी एका बाजूच्या अडॅप्टरला शोधणाऱ्याची भूमिका घेता आली पाहिजे. सगळ्यांना ती येत नाही. वायडी मास्टरची जोडी सुरू केली की आपोआप एकमेकांना धरते, आणि दोन्ही बाजू एकाच बनावटीच्या असल्याने उशीरही फोनपेक्षा कमी राहतो.

वायफायवरून मिडी पाठवण्याची पद्धत ब्लूटूथ मिडीच्या आधीची आहे. आरटीपी-मिडी हे तिचं नाव. मॅक आणि आयपॅडमध्ये ती अंगभूत आहे, विंडोजवर ‘आरटीपीमिडी’ नावाचा ड्रायव्हर टाकावा लागतो. आयपॅड आणि लॅपटॉप एकमेकांना जोडायला ती चांगली आहे, कीबोर्डला मात्र थेट लागू होत नाही, कारण बहुतेक कीबोर्डांत वायफाय नसतं. दिसत नसेल तर विंडोजच्या फायरवॉलमध्ये यूडीपी पोर्ट ५००४ आणि ५००५ उघडी आहेत का बघा, आणि दोन्ही यंत्रं एकाच राउटरवर आहेत ना, तेही. एक मेनवर आणि दुसरं गेस्ट नेटवर्कवर असेल तर ती एकमेकांना दिसत नाहीत.

मांडवात आणि रंगमंचावर

दुपारी रिकाम्या सभागृहात साउंडचेक झालं, सगळं छान चाललं, आणि रात्री तिसऱ्या गाण्याला जोडणी तुटली. यामागे कारण आहे. माणसाच्या शरीरात पाणी भरपूर असतं आणि ते २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषून घेतं. त्यात प्रेक्षागृहातल्या प्रत्येक खिशात एक फोन, बऱ्याच कानांत ब्लूटूथ इअरफोन. रिकाम्या खोलीत दहा मीटर चालणारी जोडणी गर्दीत दोन मीटरवरही कुरकुरते.

तरीही ती वापरायचीच असेल तर टॅबलेट कीबोर्डवरच, अडॅप्टरपासून हातभर अंतरात लावा. टॅबलेटचं वायफाय बंद ठेवा. अडॅप्टरला आधी ज्या फोनांशी जोडलं होतं ते फोन बंद करा, नाहीतर कुणाचा तरी फोन मधेच त्याला ओढून घेतो. कार्यक्रमाच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत जितका वेळ लागेल तितका वेळ घरी आधी सलग चालवून बघा. बॅटरी वाचवणारी सेटिंग पंधरा मिनिटांच्या तालमीत पकडली जात नाही. कीबोर्डवर एक स्वतःचा आवाज, साधा पियानो किंवा स्ट्रिंग्स, तयार ठेवा आणि लोकल ‘ऑन’ करायला किती बटणं लागतात ते पाठ करा. आणि टॅबलेटच्या पोर्टमध्ये बसेल अशी यूएसबी केबल कीबोर्डच्या ‘टू होस्ट’मध्ये आधीच लावून, दुसरं टोक टॅबलेटच्या शेजारी टेपने चिकटवून ठेवा. पाच पिनांची केबल आणि मिडी इंटरफेस वापरणार असाल तर १५ मीटरपर्यंतची चालते. त्याहून लांब नको. ब्लूटूथ तुटलं की ती केबल टॅबलेटला लावायची, ॲपमध्ये मिडी इनपुट बदलायचं, आणि मुखड्यावर पुन्हा यायचं. ही अदलाबदल तालमीत दोनदा करून बघितली असेल तर दहा सेकंदांत होते.